चार माणसांचं काम

४ मार्च

ठमे,

आशीर्वाद लिहावा की नाही, ह्या विचारात माझा चहा गार झाला. शेवटी ठरवलं, तो तुझ्या आईकडून घे, तिचा हात सढळ आहे. माझ्याकडून फक्त एक बातमी. तीही तुला माझ्याआधी कळली असणार, कारण बातम्या तुमच्या मुख्य कार्यालयात शिजतात आणि आमच्यापर्यंत शिळ्या होऊन येतात.

कारखाना बंद होतोय. काल सकाळच्या पाळीला सगळ्यांना कँटीनमध्ये उभं केलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर मोठे साहेब बोलले. त्यांच्या मागच्या खिडकीत एक झाड हलत होतं. मी बहुतेक वेळ त्या झाडाकडेच बघत होतो. 'नफ्याचं प्रमाण सुधारण्यासाठी' हे शब्द त्यांनी चार वेळा उच्चारले. दोन वर्षांपूर्वी माणसं कमी केली तेव्हाही हेच कारण होतं, फक्त तेव्हा साहेब स्वतः आले होते. तीस एप्रिलला शेवटची पाळी. यंत्रं कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात जाणार, सहाशे माणसं आपापल्या घरी.

संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की बातमी फुटल्याबरोबर कंपनीचा शेअर वर गेला. तुझ्या आईनं टीव्ही बंद केला. म्हणाली, "म्हणजे तुम्ही घरी बसल्यानं कुणाचं तरी भलं होतंय म्हणायचं."

राग धरून लिहीत नाही. राग होता, आता तो अंगवळणी पडलाय. पण खरं ते खरं. ह्या सगळ्याची सुरुवात तुझ्या त्या कागदापासून झाली. भट्टी विभागात प्रत्येक पाळीला चार माणसं लागतात, आणि तू लिहिलंस, दोन पुरेत. तुझ्या कागदाकडे बोट दाखवून बाकीच्या विभागांनाही तीच कात्री लागली. लंबू त्याच यादीत गेला. एकवीस वर्षं ज्यानं माझ्या शेजारी उभं राहून पाळी केली, तुला सायकल शिकवताना ज्यानं स्वतःचा गुडघा फोडून घेतला, तो तुझा लंबूकाका. आता छप्पन्नाव्या वर्षी पार्सलच्या गोदामात खोकी उचलतो. आणि तू त्याच्या तोंडावर कबूल केलंस की हो काका, बाबांनी चार सांगितली होती. ते मी विसरलेलो नाही. तोही नाही.

तरी लिहितोय ते तुझ्या आईसाठी. माझ्या सुट्टीच्या दिवशी ती कचऱ्याची पिशवी घेऊन तीन-तीनदा खाली जाते. दोन माणसांच्या घरात एवढा कचरा कुठून येतो ते मी विचारत नाही. परवा पिशवीत केळ्याचं एक साल होतं आणि ती अर्धा तास खाली होती. फोनवर तुझ्याशीच बोलते, मला कळतं. वर आली की डोळे लाल असतात आणि जिन्यात धूळ फार झाली असं सांगते.

तर मी असं ठरवलंय. तू ये. दोन वर्षं झाली, पुरे झालं. पण आधी लंबूच्या घरी जा, त्याची माफी माग, आणि मग आपल्या घरी ये. एवढी एकच अट आहे.

तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही. आईकडे आहे, पण तिला विचारलं तर ती काय काय विचारेल. म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय.

बाबा


२३ मार्च

ठमे,

उत्तर नाही. ठीक आहे. हट्टीपणा कुणाकडून घेतलास ते मी जाणतो, तुझ्या आईकडून तर नक्कीच नाही.

इथे आवराआवर सुरू झाली आहे. बाहेरून आलेली माणसं यंत्रांवर चिठ्ठ्या चिकटवत फिरतात. हिरवी चिठ्ठी म्हणजे जाणार, लाल म्हणजे भंगार. काल जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी झोपलेल्या फोरमनच्या पाठीवर लाल चिठ्ठी चिकटवली. तो ती घेऊन दिवसभर फिरला आणि कुणी काढली नाही. संध्याकाळी त्याला कळलं तेव्हा तो हसला, मग टोपी काढून बराच वेळ तसाच बसला.

शेजारच्या आजींना अजून वाटतं की मी बटाट्याचे वेफर करतो. कारखाना बंद होतोय म्हटल्यावर त्या हळहळल्या. म्हणाल्या, तेल परवडत नसेल हो. किती वेळा सांगितलं की आजी, आमची वेफर म्हणजे ताटलीएवढी चकचकीत चकती असते, तिच्यावर शेकडो चिप तयार होतात. त्या म्हणतात, तेच ते.

परवा भट्टीपाशी उभा होतो आणि तू आलीस तो दिवस आठवला. मुख्य कार्यालयाच्या पाहणी पथकात माझी मुलगी. पांढऱ्या सूटमध्ये आम्ही सगळे सारखेच दिसतो, फक्त डोळे उघडे. तरी तू दारातून आत आलीस आणि मी चालीवरून ओळखलं. दोन वर्षांची होतीस तेव्हाही अशीच ठमकत चालायचीस, म्हणून तर ठमी. लंबूनं मला कोपर मारलं आणि म्हणाला, "साहेबीण आली बघ आपली."

तेव्हा मीच त्याला म्हणालो होतो, आज तुम्ही तिघं चहाला जा, पोरीला जरा दाखवू दे. तो हसत गेला. पुढचे चार तास मी एकट्यानं भट्टीच्या चारही नळ्या चालवल्या. वेफर काचेच्या होडीत, म्हणजे खाचांच्या लांबट तबकात, भरायच्या, होडी तापलेल्या नळीत हळूहळू सरकवायची, वेळ झाली की तशीच बाहेर घ्यायची आणि तोवर पुढच्या नळीची घंटा वाजते. एक चूक झाली नाही. तू घड्याळ बघून टिपत होतीस. मध्ये एकदा माझ्याकडे बघितलंस तेव्हा तुझे डोळे हसत होते. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला दिवस होता, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

हे सगळं दाखवण्यापुरतं होतं, एरवी चार लागतात, हे मी तुला नंतर सांगितलंच. सांगितलं होतं असं तू स्वतः सगळ्यांसमोर म्हणालीस. मग लिहिताना दोन कशी झाली?

तुमच्या हिशेबाचं गणित मला आता पाठ झालंय. माणसं अर्धी केली, त्या तिमाहीत नफा वाढला, पेपरात साहेबांचा फोटो आला. पण इकडे दोन माणसांच्यानं काय काय होणार? दर खेपेआधी प्रत्येक नळीत एक चाचणीची वेफर टाकून थर सारखा बसतोय का ते बघावं लागतं. त्याला वेळ लागतो. आधी आम्ही ती एक दिवसाआड टाकायला लागलो, मग आठवड्यातून एकदा. हिवाळ्यात एका नळीचं तापमान बिघडलं ते आम्हाला सहा दिवसांनी कळलं. गाड्या बनवणाऱ्या कंपनीनं संशयानं तीन महिन्यांचा माल परत पाठवला. पगारात वाचवलं त्याच्या कितीतरी पट कचऱ्यात गेलं. मग अहवालात आलं की हा कारखाना महाग पडतो, चांगल्या वेफरमागे खर्च फार. आता तो काढून टाकला की नफा पुन्हा वर. साहेबांचा पुन्हा फोटो येईल, ह्या वेळी केस कमी असतील एवढंच.

लंबू दर रविवारी संध्याकाळी येतो. तुझं नाव निघालं की बोलायचं ते बोलतो. मी चहा ओततो.

बाबा


१ मे

ठमे,

काल संपलं. शेवटच्या पाळीला भट्टीवर मी आणि तो नवा जोडीदार, दोघंच. एकच खेप उरली होती, चार होड्या, दोनशे वेफर. दुपारी जोडीदाराला कागदांवर सह्या करायला ऑफिसात बोलावलं. मी म्हणालो, जा, मी बघतो. एकट्यानं केलंय मी हे.

पहिली होडी नीट गेली. दुसरी भरत होतो तेवढ्यात पहिल्या नळीच्या वायूची घंटा वाजली. तिकडे गेलो, परत आलो, तर तिसरीची वेळ टळत होती. घाई केली. होडी हातातून सुटली. पन्नास वेफर आणि काचेची होडी, सगळं माझ्या पायांपाशी फुटलं. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून एक वेफर पडली नव्हती. फोरमन धावत आला, बघितलं आणि म्हणाला, "राहू द्या, असाही हा माल कुणी घेणार नव्हता." मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

नंतर पंप बंद केले. ते बंद झाल्यावर कळलं की इतकी वर्षं आपण ओरडून बोलत होतो.

तुकडे गोळा करायला मी खाली बसलो आणि उठवेना. तिथे बसून जे डोक्यात आलं ते आता लिहितो, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही.

त्या दिवशीही मी एकट्यानं केलं नव्हतं. पहाटे येऊन लंबूनं चारही नळ्यांत चाचणीची वेफर टाकून बघितली होती. आठ होड्या भरून, झाकून, ओळीनं लावून ठेवल्या होत्या. बाकीच्या दोघांनी वायूचे दाब आधीच लावून दिले होते. तू यायच्या आधी दोन तास तीन माणसं राबली होती, आणि नंतर ती चहाला गेली. तू बघितलंस ते उरलेलं काम होतं.

आणि तू मला विचारलंस की बाबा, हे रोज असं जमतं? मी म्हणालो, रोज. डोळे मिटून.

चार लागतात असं मी तुला कधीच सांगितलं नाही. लंबूला मात्र सांगितलं की तुला सांगितलंय. त्यानं त्याच दिवशी विचारलं होतं, "पोरीला खरं काय ते सांगितलंस ना?" मी म्हणालो, हो तर. दोन्हीकडे दोन थापा, आणि दोन्ही अगदी सहज. तू मुख्य कार्यालयात गेल्यापासून माझ्या मनात एक खूळ बसलं होतं. तुझ्या वरच्या मजल्यावर सगळे शिकलेले, त्यांच्या बापांच्या खोल्यांवर नावाच्या पाट्या. मला वाटलं, तुला तिथे जाऊन सांगता यावं की माझे वडील एकटे चार माणसांचं काम करतात. तू सांगितलंसही असणार. एकाचं काम बघून तू दोन लिहिलीस. बापावर विश्वास होता तरी एक माणूस जास्तीचा ठेवलास. मी राहिलो, कारण कागदावर तो एकटा भट्टी चालवणारा मीच होतो. लंबू गेला.

आणि तो शनिवार. लंबू बाहेरच्या खोलीत कंपनीचं पत्र हातात घेऊन बसला होता. तू सुट्टीला म्हणून आलीस, तुला काही माहीत नव्हतं. तू चप्पल काढायच्या आत मी विचारलं, "काकांच्या तोंडाकडे बघून सांग, मी तुला चार सांगितली होती की नव्हती?" मला भीती होती की तू खरं बोलशील. म्हणून आवाज चढवला होता. तू माझ्याकडे बघितलंस. किती वेळ बघत होतीस ते मला सांगता येणार नाही. मग काकाकडे वळून म्हणालीस, "सांगितली होती, काका."

तुला वाटलं असेल, आत्ता बाबांची अब्रू राखू, नंतर ते स्वतःच सांगतील. मी तुला चालती हो म्हणालो.

माझं हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल. पण वाच आणि मग फाड.

बाबा


२० मे

ठमे,

तिन्ही पत्रं परत आली.

हल्ली मी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मुद्दाम बाहेर जातो. बागेत बसतो, वाचनालयात जुनी मासिकं चाळतो, म्हणजे तुझ्या आईला जिने उतरायला नकोत, घरातच आरामात बोलता यावं. ह्या मंगळवारी परत आलो तर ती स्वयंपाकघरात बसली होती. समोर तपकिरी पाकीट आणि माझी तीन पत्रं, उघडून तारखेप्रमाणे लावलेली. पाकिटावर तुमच्या कंपनीचा शिक्का होता, तिला वाटलं तूच काही पाठवलंस, म्हणून फोडलं. आत चिठ्ठी होती, ह्या नावाची व्यक्ती येथे काम करत नाही.

"तिनं ती नोकरी केव्हाच सोडली," आई म्हणाली. "यादी लागली त्यानंतर सात महिन्यांत. दवाखान्यात बसते आता, लोकांना डॉक्टरांच्या वेळा देते."

मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नाही.

"तुम्ही विचारलंत का?"

मला वाटलं, आता ती रडेल, भांडेल. ती चष्मा पुसत राहिली. म्हणाली, "अहो, गुडघे दुखत असताना मी कचऱ्याच्या पिशव्या घेऊन जिने उतरत होते. माझ्याच पोरीशी बोलायला. मला वाटायचं, तुमचं मन दुखावलंय, तुम्हाला कळायला नको. तिला मी एकदा विचारलं होतं, तू असं का केलंस ग. ती म्हणाली, चूक झाली आई. दर वेळी तेवढंच म्हणायची. आणि मी, तिची आई, तिला समजावत बसले की बाबांना थोडा वेळ दे."

तुझ्या आईला इतकं सलग बोलताना मी लग्नाच्या बोलणीतही ऐकलं नव्हतं. हे लिहितानाही मी विनोद करतोय बघ. सवय वाईट.

रात्री तिनं माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. सकाळी चहा दिला आणि म्हणाली, "लंबूभावजींना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. आणि पत्रातून नाही, तोंडानं."

तू नोकरी सोडलीस आणि मी इथे बसून दर रविवारी लंबूनं तुझ्या ऑफिसातल्या खुर्चीला ठेवलेली नावं ऐकत होतो. त्या खुर्चीवर तू नव्हतीसच.

बाबा


२६ मे

ठमे,

लंबूला सांगितलं.

रविवारी तो आला तेव्हा आई मुद्दाम शेजारच्या आजींकडे जाऊन बसली. त्याला गोदामातून आल्यावर पाठ टेकायला लागते, म्हणून तो नेहमी भिंतीकडची खुर्ची घेतो. तिथेच बसला. मी चहा केला नाही. त्यानं विचारलं, "आज पाणी गेलंय का?" मी म्हणालो, आधी ऐकून घे.

सगळं सांगितलं. झाल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशी मी पहाटे साडेचारला उठून गेलो होतो. तुझी पोरीसमोर फजिती होऊ नये म्हणून होड्या भरल्या."

मी हो म्हणालो.

"आणि दोन वर्षं मी त्या पोरीला नाही नाही ते बोललो. ह्याच खुर्चीत बसून."

"हो."

"आणि तू चहा ओतत होतास."

त्यालाही मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तो उठला. त्याला उठायला वेळ लागतो हल्ली, मी हात पुढे केला, त्यानं घेतला नाही. दारात थांबून म्हणाला, "नोकरी गेली त्याचं मी मनाला लावून घेतलं नव्हतं रे. त्या साहेबांनी आज नाही तर उद्या काढलंच असतं, तुझ्या पोरीनं दहा लिहिली असती तरी. पण ती पोरगी माझ्यासमोर उभी होती आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा सोडून तोंड फिरवलं. ते तू मला करायला लावलंस." मग तुझा पत्ता मागितला. मी म्हणालो, हिच्याकडे आहे. तो शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून आईकडून पत्ता लिहून घेऊन गेला. माझ्याकडे वळून बघितलं नाही. ह्या रविवारी तो येणार नाही, आणि पुढच्याही नाही, हे मला कळतं.

त्याचं पत्र येईल तुला. अक्षर भयंकर आहे, नेटानं वाच.

आई गुरुवारच्या गाडीनं तुझ्याकडे निघतेय. किती दिवसांसाठी ते सांगत नाही, पण मोठी बॅग काढली आहे आणि हिवाळ्याचे कपडेही घेतलेत. मी बॅगेची चाकं दुरुस्त करून दिली. बाकी मदत तिनं करू दिली नाही. परत आलेली तीन पत्रं, मागचं एक आणि हे, सगळी तिच्याबरोबर देतोय. पहिल्या पत्रात एक अट घातली आहे, ती वाचू नकोस. वाचलीस तर तुझ्या बापाची अक्कल कुठवर चालते ते कळेल.

तिला गाडीत खिडकीचा वारा सोसत नाही आणि ती सांगत नाही. उतरल्यावर गरम काहीतरी प्यायला दे. रक्तदाबाची गोळी रात्रीच्या जेवणानंतर, आधी नाही.

बाबा


८ जून

ठमे,

काल दुपारी फोन वाजला. आईचा असेल म्हणून पटकन घेतला, पोचल्यापासून तिनं एकदाच केला होता. तू 'बाबा' म्हणालीस. दोन वर्षांत तो शब्द मी ऐकला नव्हता.

तू एवढंच विचारलंस, "मी दोनदा विचारलं होतं ना?"

मी हो म्हणालो. तू फोन ठेवलास. मी पुन्हा लावला नाही. तोंडानं सांगायला हवं होतं, मला जमलं नाही, म्हणून लिहितो.

एक मेच्या पत्रात मी लिहिलं की तू विचारलंस आणि मी सांगितलं. एकदाच लिहिलं. सगळं कबूल करायला बसलो होतो आणि त्यातही एवढं राखून ठेवलं. ते वाचून तुला वाटलं असेल की दुसरा प्रश्न तू नंतर मनात रचलास, स्वतःला बरं वाटावं म्हणून. आई तिच्या त्या एका फोनवर म्हणाली होती, तू अजून झोपेत दचकतेस. दवाखान्यात एका माणसाची वेळ चारचारदा तपासतेस आणि तरी तुझी खात्री होत नाही. हे तुला मी दिलं.

म्हणून नीट लिहितो. पहिल्यांदा तू वहीत बघून विचारलंस, ऑफिसचे लोक विचारतात तसं, आणि माझं उत्तर लिहून घेतलंस. मग तू वही मिटलीस. पेन खिशात ठेवलंस. इकडेतिकडे बघितलंस आणि तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढलास. तिथे ते चालत नाही, बोलताना उडालेल्या एका थेंबानं वेफर जाते, आणि तुला ते ठाऊक होतं. लहानपणी मीच शिकवलं होतं. तू म्हणालीस, "बाबा, हे ऑफिससाठी विचारत नाहीये, मी विचारतेय. खरंच एकट्याला जमतं?"

तुझा चेहरा मला पूर्ण दिसत होता. मी नाही म्हणावं अशी तुझी इच्छा होती. हे मला आज समजलंय असं नाही, तेव्हाच समजलं होतं.

मी म्हणालो, "आधी मास्क वर घे, माल खराब होईल."

तू मुकाट्यानं वर घेतलास. मग मी म्हणालो, "रोज जमतं."

तू दोनदा विचारलं होतंस, ठमे. तुझ्याकडून काहीच राहिलं नव्हतं.

बाबा